कोरड्या मुलखातलं बेट

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्यात विहीर खणायला घेतली की वर काळी माती निघते, खाली मुरूम आणि मग खडक. कुठेकुठे खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा लागतो. खणणारे त्याला गेरू म्हणतात आणि पुढे जातात. मला त्या पट्ट्यापाशी थांबावंसं वाटतं. लाव्हाचा एक थर येऊन निवला, उन्हापावसात त्याचा वरचा भाग झिजून त्याची माती झाली आणि त्या मातीवर पुढचा लाव्हा येऊन पसरला. दोन लाव्हांमधला तो विराम आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे चाललं होतं आणि तेव्हा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. त्याच्या दोनेक कोटी वर्षं आधी तो मादागास्करपासून सुटला होता आणि चारही बाजूंना समुद्र घेऊन उत्तरेकडे सरकत होता. धावड्याच्या विहिरीचा खडक हा एका बेटावर पसरलेला खडक आहे.

एवढा मोठा भूभाग इतका काळ एकटा पडला, तर त्यावरच्या जिवांचं काय झालं? उत्तराचा एक ठसठशीत तुकडा २००३ साली हाती आला. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी दक्षिण सह्याद्रीतल्या जांभळ्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुगीर अंग, टोकदार नाकाड, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली मुक्काम आणि पावसाच्या सुरुवातीला विणीपुरतं काही दिवस वर येणं, असा हा प्राणी. त्याचे सर्वांत जवळचे नातलग भारतात नाहीत, आशियाच्या मुख्य भूमीवरही नाहीत. ते सेशेल्स बेटांवर आहेत. मध्ये सगळा हिंदी महासागर. बेडकाच्या कातडीला खारं पाणी सोसत नाही, तेव्हा तो पोहत गेला असेल असं मानणं कठीण. जमीनच फुटली आणि एक घराणं दोन तुकड्यांवर वाटलं गेलं, हे उत्तर जास्त पटतं. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडू लागला आणि उत्तरेची वाट उघडली. ज्यांना आपण अगदी इथलेच समजतो त्या वाघाची, काळविटाची घराणी त्या वाटेनं नंतर आलेली आहेत. जुन्या बेटाचे रहिवासी आज प्रामुख्यानं सह्याद्रीच्या ओल्या सावलीत तगून आहेत. आमच्या कोरड्या पठारावर त्यांचा माग काढणं अवघड.

पण याच पठाराच्या खडकात फार उशिरा एक लहान बेट खोदलं गेलं. धावड्याहून बुलढाणा, चिखली, मेहकर अशी वाट धरली की लोणार येतं. लोणारवर लिहिणारे बहुतेक जण उल्का आदळली त्या क्षणावर रमतात. तो क्षण अफाटच होता, त्यात वाद नाही. पण क्षण होऊन गेला. त्यानंतर या खड्ड्याच्या वाट्याला जो दीर्घ एकटेपणा आला आणि त्या एकटेपणातून जे घडलं, ते मला अधिक वाचनीय वाटतं. आणि ते वाचायचं तर काठावरून तळाकडे, एकेक पट्टा ओलांडत वाचावं.

काठावर उभं राहिलं की जवळजवळ गोल असा १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा समोर येतो. काठापासून तळापर्यंत साधारण १४० मीटर खोली. बहुतेक लोक इथे तळ्याकडे बघतात. माझी विनंती अशी की आधी पायाखालच्या खडकाकडे बघावं. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात कुठेही जा, लाव्हाचे थर आडवे, शांत पडलेले असतात. अजिंठ्याची लेणी त्या आडवेपणाच्या आधारानंच कोरली गेली. लोणारच्या काठावर मात्र तेच थर उचलले गेले आहेत आणि बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आतून बाहेर प्रचंड जोर लागल्याची ही खूण. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचं मुख असावं असाच समज होता आणि चहूकडे लाव्हाचाच खडक असल्यानं तो समज स्वाभाविकही होता. १९७३ साली धक्क्यानं काच झालेली खनिजं इथल्या खडकात सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केचा पुरावा पक्का झाला.

काठ उतरायला लागलं की झाडी सुरू होते. साग, कडुनिंब, पळस, सीताफळ, खाली बाभळी. वानरांचे कळप, मोर, कपारीतून सरकणारी घोरपड. हे सगळं सुंदर आहे, पण यातलं काहीही फक्त लोणारचं नाही. अजिंठ्याच्या डोंगरात जे आहे तेच इथे आहे. मोराला काठ ओलांडायला एक झेप पुरते, वाऱ्यावरच्या बीला तीही लागत नाही. भोवती उंच कडा आहे म्हणून आतलं सगळं वेगळं असेल, अशी अपेक्षा घेऊन येणाऱ्याची इथे निराशा होते. मला हा पट्टा त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. नुसती भिंत उभी केल्यानं बेट होत नाही. कोणाला अडवायचं आणि कोणाला नाही, हे भिंतीला ठरवता आलं पाहिजे, आणि दगडाच्या या भिंतीला ते ठरवता येत नाही.

मग धारेचं पाणी लागतं. काठाजवळ उगम पावणारा हा झरा गोमुखातून पडतो आणि यात्रेकरू त्यात स्नान करतात. पाणी गोडं, पिण्यासारखं. इथे ओल आहे, गर्द सावली आहे, यादवकाळाच्या आसपासची देवळं आहेत. चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामाच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे आणि लवणासुराला विष्णूनं मारल्याची कथा प्रत्येकाच्या तोंडी आहे. खाली तळ्याच्या काठाला कमळजा देवी. तिथल्या विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं, अशी तिची ख्याती. लोकांनी नाव थट्टेत ठेवलं असेल, पण निरीक्षण अचूक आहे. गोडं आणि खारं इथे एकमेकांना लागून नांदतात आणि त्यांच्यामधली सीमा हीच या जागेची खरी सीमा आहे.

ती सीमा डोळ्यांनी पाहायची एक सोपी युक्ती मी लोणारला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवावा आणि त्याच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. धारेच्या पाण्यात बुडवलेली पट्टी पिवळीच राहते. तळ्याच्या पाण्यात बुडवली की ती लालसर तपकिरी होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, तेच इथे घडतं. तळ्याच्या पाण्याचा सामू साधारण दहाच्या घरात, कधी त्याहूनही वर असतो. शुद्ध पाण्याचा सामू सात, समुद्राचा आठाच्या आसपास. हा आकडा एकानं वाढला की अल्कधर्मीपणा दहापट होतो, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत हे तळं हजारपट पुढे आहे. गोमुखापासून इथवर चालत यायला फार वेळ लागत नाही. पण एखादा गोड्या पाण्यातला मासा या दुसऱ्या पाण्यात सोडला, तर तो जगत नाही.

पाणी असं का झालं, याची गोष्ट मला उल्केच्या गोष्टीइतकीच थोर वाटते, कारण तिच्यात धडाका नाही, नुसता धीर आहे. तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झरे येतात, पावसाचे ओहोळ येतात, आणि जातं ते फक्त वाफ होऊन. वाफ क्षार नेत नाही. भोवतालचा काळा खडक पाण्यात अगदी हळूहळू विरघळतो आणि त्याच्याबरोबर सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट तळ्यात उतरतात. पाणी आटू लागलं की कॅल्शियम आधी चुनखडी होऊन गाळात बसतं. सोडियम मागे राहतं आणि कार्बोनेटच्या जोडीनं त्याचा सोडा होतो. वर्षामागून वर्षं हेच. ऐने-अकबरीत इथे काच आणि साबण यांचं साहित्य मिळतं असा उल्लेख आहे, तो याच सोड्यामुळे. पुढच्या काळातही उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की चिखलातून क्षार गोळा करत आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी करत. रसायनशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांनी बोटांनी आणि जिभेनं केलेलं हे वर्गीकरण आहे आणि त्याबद्दल मला फार आदर आहे.

आता तळ्याचा रंग. बहुतेक काळ ते दाट हिरवं असतं. कोणी त्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतं. पण त्या हिरव्यात या बेटाची मुख्य वस्ती आहे. स्पिरुलिना नावानं जी गोळ्यांच्या बाटलीत मिळते, त्याच घराण्यातले, मळसूत्रासारखे वळलेले नील-हरित जिवाणू इथे कोट्यवधींच्या संख्येनं वाढतात. जे पाणी इतरांना भाजून काढतं, ते यांना पोसतं. प्रकाशसंश्लेषणाला कार्बन लागतो आणि सोड्याच्या पाण्यात तो कार्बोनेटच्या रूपात अमाप असतो. जगातली सोड्याची तळी अन्ननिर्मितीच्या बाबतीत अत्यंत सुपीक गणली जातात. लोणारचं कुंपण आणि लोणारचं अन्न एकाच पदार्थाचं आहे. एखाद्या कवितेत वृत्ताचं बंधन आणि आशयाचं बळ एकाच शब्दातून यावं, तशी ही किमया, आणि तळ्याच्या रचनेत मला सर्वांत जास्त आवडणारी जागा हीच.

अशा पाण्यात जगायचं कसं? पेशीच्या आतलं काम चालायचं तर आतला सामू बाहेरच्यापेक्षा बराच खाली ठेवावा लागतो. त्यासाठी या जिवाणूंच्या पेशीपटलात प्रथिनांचे पंप असतात. ते सोडियम बाहेर ढकलतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन आत घेतात. हे काम घटकाभरही थांबून चालत नाही. त्यांची विकरंही अल्कधर्मी पाण्यात न मोडणारी झाली आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढायला जी विकरं घालतात, ती अशाच प्रकारच्या जिवाणूंकडून मिळवलेली असतात. काही शतकांपूर्वी साबणासाठी लोणारचा सोडा नेत. आज प्रयोगशाळांना इथल्या जिवाणूंमध्ये रस आहे, तोही काहीसा त्याच कामासाठी.

२०१० साली लोणारच्या पाण्यातून मिळालेल्या एका जिवाणूला इंडिबॅक्टर अल्कलीफिलस हे नाव मिळालं. तो जातीनं नवा होताच, त्याची प्रजातीही नवी ठरली. त्याच वर्षी नायट्रिटालिया ही आणखी एक नवी प्रजाती इथूनच नोंदली गेली. बेटावर वेगळं काही घडतं याचा हा पुरावा म्हणायचा का? इथे मला सावध राहावंसं वाटतं. १८३५ साली डार्विन गालापागोसला उतरला, तेव्हा बेटागणिक वेगळी कासवं आणि वेगळे मॉकिंगबर्ड त्याच्या नजरेस पडले, कारण त्या प्राण्यांना समुद्र ओलांडणं अशक्यप्राय होतं. सूक्ष्मजीवांचं तसं नाही. ते धुळीबरोबर उडतात, पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून जातात. १९३४ साली बास बेकिंग या डच शास्त्रज्ञानं मांडलं की सूक्ष्मजीव सगळीकडे पोचतात, कुठे कोण तगेल ते भोवतालची परिस्थिती निवडते. लोणारच्या हिरव्या वस्तीचे भाऊबंद केनियातल्या सोड्याच्या तळ्यांत आहेत. तेव्हा लोणारचा प्रत्येक जीव फक्त लोणारचा, असा दावा कोणी केला तर मी मान डोलावणार नाही. मात्र या विचारालाही मर्यादा सापडत आहेत. जगात काही ठिकाणी, विशेषतः उष्ण झऱ्यांत, अंतरामुळे सूक्ष्मजीवही वेगवेगळे झाल्याचं आढळलं आहे. लोणारच्या बाबतीत पारडं कोणीकडे झुकेल, हे अजून वाचायचं राहिलेलं पान आहे.

केनियाचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या मगाडी तळ्याशी लोणार ताडून बघण्यासारखं आहे. मगाडीचं पाणीही सोड्याचं, सामू दहाच्या आसपास. तरी त्यात मासा आहे, तिलापियाच्या घराण्यातला, जेमतेम बोटाएवढा. बहुतेक मासे शरीरातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून सोडतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया नीट बाहेर पडत नाही आणि मासा स्वतःच्याच विषानं मरतो. मगाडीच्या माशानं अमोनियाऐवजी युरिया सोडायचा मार्ग धरला. एकटेपणानं एका प्राण्याची शरीरक्रियाच बदलून टाकल्याचं इतकं नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही. मग लोणारला असा मासा का झाला नाही? माझा तर्क असा. मगाडी आणि शेजारचं नेट्रॉन तळं पूर्वी एका मोठ्या, कमी खाऱ्या जलाशयाचे भाग होते. त्यात मासे आधीपासून होते. सुमारे १०,००० वर्षांत पाणी आटत, खारट होत गेलं आणि अडकलेल्या माशांना त्याबरोबर बदलायला सवड मिळाली. लोणारच्या खड्ड्याला नदी येऊन मिळत नाही. उल्केनं रिकामा खड्डा करून दिला, त्यात मासे अडकलेलेच नव्हते. बेट कोणाला घडवणार हे त्यावर पहिल्यांदा कोण पोचलं यावर फार अवलंबून असतं आणि लोणारला पहिल्यांदा पोचले ते डोळ्यांना न दिसणारे.

आणि किती वर्षं झाली या गोष्टीला? इथे तज्ज्ञांचे दोन आकडे आहेत आणि त्यांत प्रचंड तफावत आहे. उष्मादीप्तीच्या पद्धतीनं विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं आलं होतं. २०११ साली आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं ठरवलं गेलं. भूविज्ञानात हा फरक मोठा नसेलही, पण तळ्यातल्या जिवांच्या दृष्टीनं तो फार मोठा आहे. कारण दिवसातून अनेकदा दुभंगणाऱ्या जिवाणूला बावन्न हजार वर्षंही पुष्कळ आणि पाच लाख सत्तर हजार म्हणजे त्याच्या अकरापट पुष्कळ. मला दुसरा आकडा अधिक भरवशाचा वाटतो, ती पद्धत खडक वितळून थिजला त्या घटनेलाच हात घालते म्हणून.

या काळात तळं एकसारखं राहिलं नाही, हेही वाचता येतं. तळाच्या गाळात नळी घालून काढलेल्या नमुन्यांत गेल्या सुमारे ११,००० वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास थरांच्या रूपात मिळाला. त्यात काही ठिकाणी गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. पाणी फार आटून सोडा दाट झाल्याशिवाय ते बनत नाहीत. असे दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात, एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे यादवांच्या काळात देवळं उभी राहत होती, तेव्हा तळं बहुधा आजच्यापेक्षा आटलेलं आणि अधिक क्षारयुक्त होतं. दुष्काळाची ही बखर मराठवाड्याच्या माणसानं मन लावून वाचावी अशी आहे.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या देशानं लोणारचे फोटो पाहिले. पाणी कमी झालं होतं, क्षारता वाढली होती आणि हिरव्या वस्तीला मागे सारून आर्किया नावाचे लवणप्रिय सूक्ष्मजीव वाढले होते. त्यांच्या गुलाबी रंगद्रव्यानं पाणी रंगलं, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघाला. पाऊस झाला आणि रंग ओसरला. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं. मला तो या बेटाच्या स्वभावाचाच भाग वाटतो. इथे एकाच वस्तीचं राज्य कायम नसतं. पाण्याची पातळी बदलली की गाळात दबून बसलेले दुसरे वर येतात. हजारो वर्षांत असे किती रंग येऊन गेले असतील.

समुद्रातल्या बेटांचा नाश बहुधा बाहेरून आलेल्या प्राण्यानं केला. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात संपला, माणसाच्या आणि त्याच्याबरोबर आलेल्या डुकरं, माकडं, उंदरांच्या पायी. लोणारचा धोका निराळा आहे. इथलं कुंपण पाण्याच्या रसायनाचं आहे, म्हणून बाहेरचं पाणी आत सोडणं म्हणजे कुंपण मोडणं. गावाचं सांडपाणी विवरात उतरलं की त्याच्याबरोबर साबण, खतांचे अंश आणि परके जिवाणू येतात. पाणी पातळ होतं, सामू उतरतो, आणि ज्यांना आजवर हे तळं नाकारत आलं त्यांना दार उघडतं. काठावर अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ तर केव्हाच घुसली आहे.

या जागेला नावं आणि दर्जे भरपूर मिळाले. १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, २००० साली अभयारण्य, २०२० साली रामसर क्षेत्र. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं वेळोवेळी लक्षही घातलं आहे. हे सगळं हवंच आहे, पण तळ्याला कागदाइतकीच गटाराच्या बंदोबस्ताची गरज आहे. वाचकांना माझं सांगणं एवढंच. लोणारला जाल तेव्हा निर्माल्य, साबण, मासे यांतलं काहीही पाण्यात सोडू नका आणि सोडणाऱ्याला अडवा. गावाचं सांडपाणी विवराच्या काठाबाहेरच अडवून शुद्ध झालं पाहिजे आणि वेडी बाभूळ मुळासकट निघाली पाहिजे, ही मागणी आमदार-खासदारांकडे, वनखात्याकडे, नगरपरिषदेकडे लावून धरा. बुलढाणेकरांइतकीच ती आम्हा जालनेकरांचीही मागणी आहे.